गलाईवाल्याची पुरवणी

अकरा वेळा ओतून अकरा वेळा फसला, तेव्हा कुठं कृष्णातला कळलं की वीस बाजूंचा फासा करणं म्हणजे अंगठी घडवणं नव्हे. बाराव्या खेपेला साच्यातनं पितळेचा एक गोटा निघाला, लिंबाएवढा, सगळ्या बाजू तिकोनी. कानशीनं घासून, खिळ्यानं आकडे कोरून त्यानं तो पाहुण्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "घ्या सर. आता खरं सांगा, जुगाराचा कंचा परकार हाय ह्यो?"

पाहुणा म्हणजे मधु सोहनी. मूळचा साताऱ्याचा, दोन वर्षं अमेरिकेत शिकून आलेला आणि आता सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवणारा. तिकडून येताना त्यानं एका खेळाची तीन बारकी पुस्तकं आणि पाच तऱ्हेवाईक फासे आणले होते. त्यातला वीस बाजूंचा फासा सातारा-सांगली एसटीत खिशातून पडला. सांगलीतल्या सुतारांनी हात टेकले, तेव्हा कुणीतरी सांगितलं की विट्याला जा, धातूतलं काहीही ओतून देणारी माणसं तिथं घरोघर आहेत. म्हणून स्वारी विट्यात, कृष्णातच्या परसात.

"जुगार नाही रे," मधु म्हणाला. "यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही."

"मग खेळायचा कशाला?"

"रविवारी सांगलीला ये. कळेल."

आता ज्यांना गलाई म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तेवढ्यात पान खाऊन घ्यावं. सोनार काम करतो तेव्हा सोन्याचे कण उडतात. जमिनीवर, चटईत, भिंतीच्या पोपड्यांत, सोनाराच्या धोतरातसुद्धा. तो केर गलाईवाला विकत घेतो, जाळतो, पाण्यात धुतो, मुशीत आटवतो आणि त्यातनं सोनं काढून दाखवतो. विट्याकडची माणसं हा धंदा करत पार हिंदुस्थानभर पसरली आहेत. अमृतसर म्हणा, गुवाहाटी म्हणा, जिथं सोनार तिथं विट्याचा माणूस. कृष्णात मुळीकला सतराव्या वर्षी त्याच्या आप्पासोमामानं मदुरैच्या दुकानात नेलं. आठ वर्षं तो तिथं केर झाडत होता, भाता मारत होता. मामा कधी शिवी द्यायचा नाही आणि शाबासकीही द्यायचा नाही. पौषात विषमज्वरानं धरलं, हाडं वर आली, तेव्हा मामानं त्याला गावी धाडलं आणि सांगितलं, चैत्रात जत्रेला मी येतो, जाताना तुला घेऊन जातो. तोवर ताक प्यायचं आणि पडून राहायचं, एवढंच काम. अशा माणसाला अमेरिकेचा खेळ सापडला, मग काय विचारता!

विश्रामबागेतल्या मधुच्या खोलीवर दर रविवारी तिघं जमायची. मधु पंच. भुयाराचा नकाशा त्याच्याकडं, तो मांडीखाली दाबून ठेवायचा, कुणाला दाखवायचा नाही. त्याची धाकटी बहीण क्षमा, टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारी, ती जादूगारीण. तिसरे कुंडलचे लालासाहेब, पलटणीतनं सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले आणि आता कॉलेजात एनसीसीचं स्टोअर सांभाळणारे. ते योद्धे. पंच सांगायचा, तुमच्यापुढं हे दार आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय. खेळणाऱ्यांनी सांगायचं आम्ही काय करतो. होईल की नाही अशी शंका आली की फासा, आकडा मोठा पडला की जमलं. ना पट, ना सोंगट्या, नुसतं बोलणं. आणि त्या बोलण्यावर तीन शहाणीसुरती माणसं जेवण विसरायची.

पहिल्याच रविवारी कृष्णातनं सगळ्यांची विकेट काढली. मधुनं साताऱ्याकडच्या एका गडाखाली भुयार कल्पिलं होतं आणि तळाच्या गुहेत एक आग ओकणारा, पंखवाला नाग सोन्याच्या राशीवर झोपवला होता. तीनशे वर्षं तो त्याच राशीवर लोळत होता म्हणे. क्षमानं मंत्र टाकून त्याला गाढ झोपवलं, लालासाहेबांनी मुंडकं उडवलं, राशी पोत्यांत भरली आणि मंडळी निघाली. तोच कृष्णात ओरडला, "आरं थांबा! निघालासा कुठं? झाडू कुनाकडं हाय?"

"झाडू?" मधु म्हणाला.

"आवं सर, तीनशे वर्सं ह्यो गडी सोन्यावर लोळतुया. सोनं मऊ, ह्याची कातडी खरबरीत. घासून घासून किती उडालं आसंल! पोती ऱ्हाऊ द्या, जमीन झाडा जमीन!"

मधुनं तिन्ही पुस्तकं पुढून मागून चाळली. तलवारीचे नियम होते, विषाचे होते, चेटकाचे होते. झाडण्याचा नियम कुठंच नव्हता. शेवटी त्यानं कृष्णातलाच विचारून विचारून आकडे मांडले, फासा टाकला, आणि केरातलं सोनं पोत्यांतल्यापेक्षा जास्त निघालं. क्षमा हसता हसता खाटेवरून खाली आली. लालासाहेब उभे राहिले आणि त्यांनी कृष्णातला कडक सॅल्यूट ठोकला.

"तिकडं लोक असंच करतात," मधु म्हणाला. त्याचे डोळे नुसते लकाकत होते. "खेळात काही कमी दिसलं की स्वतः लिहितात, घरच्या घरी छापतात आणि पाकिटात घालून गावोगाव धाडतात. पुरवणी म्हणतात तिला. तू लिही."

"मी? मी नववी नापास हाय सर."

"नागाला काय त्याचं?"

झालं, बेणं लागलं. कृष्णातनं दोनशे पानी वही घेतली आणि लिहीत सुटला. एसटीत लिहायचा, परसात लिहायचा, आई ताकाचा तांब्या घेऊन उभी राहिली तर तांब्या वहीवर ठेवून लिहायचा. त्यानं योद्धा आणि जादूगाराच्या जोडीला तिसरं सोंग उभं केलं: गलाईवाला. हत्यार झाडू आणि भाता. खेळत जाईल तशा पायऱ्या चढायच्या. पहिल्या पायरीला मातीच्या नुसत्या वासावरून सोनं आहे की नाही ते ओळखतो. तिसऱ्या पायरीला नाणं दातानं दाबून त्याचा कस सांगतो. पाचवीला तेजाबाच्या भुताशी बोलतो. नवव्या पायरीला कुठल्याही परक्या मुलखात जाऊन स्वतःचं दुकान लावतो, आणि दुकान लावलं की गावाकडून भाचे येतात. किती येतात ते ठरवायला दोन फासे टाकावेत, आणि कितीही पडले तरी त्यांच्या जेवणाची सोय करावी. भुयारातल्या संकटांत त्यानं वजनमापाचा साहेब घातला होता. याला तलवार लागत नाही, मंत्र लागत नाही, याला चहा पाजावा असं स्वच्छ लिहिलं होतं. ते वाचून मधु इतका हसला की खालच्या मजल्यावरचे घरमालक बघायला आले.

नकाशा लालासाहेबांनी काढला. पलटणीत शिकलेल्या सगळ्या खुणा त्यांनी त्यात वापरल्या, आणि खुणा उरल्या म्हणून भुयाराच्या उत्तरेनं एक रेल्वेलाइनही टाकली.

"सुभेदारसाहेब, भुयारात रेल्वे?" मधुनं विचारलं.

"आज नसंल सर. फुडंमागं हुईल की. नकाशात जागा धरून ठेवल्याली बरी."

रेल्वे राहिली.

पण कृष्णात रोज कॅलेंडरापुढं उभा राहून दिवस मोजत होता. जत्रा मंगळवारी. देशभरातले गलाईवाले वर्षातनं एकदा त्या जत्रेला गावी येतात आणि चार दिवसांत परत पांगतात. पुरवणी त्यांच्या हातात पडायची तर त्याच चार दिवसांत, नाहीतर गेलं वर्ष. आणि खुद्द कृष्णातला मामाबरोबर मदुरैला जायचं होतं. तिथं आठ वर्षांत त्याच्याशी कुणी धड पाच मिनिटं बोललं नव्हतं. कामाचं बोलणं सोडून. गावोगावच्या दुकानांतून माळ्यावर झोपणारे त्याच्यासारखे किती जण असतील, त्यांच्या हातात हे पुस्तक पडलं तर ते एकमेकांना पत्रं लिहितील, एकमेकांच्या भुयारांत शिरतील, या विचारानं त्याला झोप येत नव्हती. शिवाय कव्हरवर त्याचं नाव होतं. लेखक: कृष्णात मुळीक. जन्मात त्याचं नाव फक्त शाळेच्या हजेरीपटावर आणि दवाखान्याच्या केसपेपरवर आलं होतं.

छापायचं म्हटलं तर नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! क्षमानं इन्स्टिट्यूटमध्ये सुट्टीच्या वेळात स्टेन्सिल टाइप केल्या. दोन फाटल्या. एकीवर लालासाहेबांनी चष्मा ठेवला आणि तिथं भुयारात एक गोल तळं उमटलं, ते मग नियमात घेतलं. सायक्लोस्टाइलच्या यंत्राचं हँडल कृष्णात फिरवायचा, मधु कागद सरकवायचा, आणि शाई तिघांच्या कोपरापर्यंत जायची. चाळीस प्रतींत पान सहा उलटं बसलं. क्षमा म्हणाली, राहू दे, भुयारात दिशा चुकतेच. टाचण्यांचं यंत्र मोडलं तेव्हा लालासाहेबांनी दाभण आणि सुतळी काढली. अशा दोनशे प्रती, गुलाबी कव्हराच्या, रविवारी सकाळी मधुच्या खोलीत छातीएवढ्या रचून उभ्या होत्या. कृष्णात त्यांच्याभोवती नव्या बापासारखा घुटमळत होता, आणि एक प्रत उचलून वास घ्यायचा, पुन्हा ठेवायचा, पुन्हा दुसरी उचलायचा.

आणखी दहा प्रती त्यानं आदल्या दिवशी विट्याला नमुना म्हणून धाडल्या होत्या. तिथंच माशी शिंकली. त्यातली एक कुणाच्या तरी हातून नानासोकडं गेली. नानासो म्हणजे मदुरैतलाच दुसरा गलाईवाला, आप्पासोच्या समोरच्या फुटपाथवरचा. जत्रेसाठी दोघंही गावी आले होते. त्यानं पान नऊ उघडलं. वर मथळा: धुळीतून सोने काढण्याची रीत. तो तडक आप्पासोच्या दारात गेला आणि म्हणाला, "आप्पासो, भाच्यानं तुमचा धंदा छापला की! आता आमाला बरं झालं."

रविवारी अकरा वाजता मधुच्या दारात आप्पासो उभा. पांढरं धोतर, कोशा फेटा, पहाटेच्या एसटीची धूळ मिशीवर. बसा म्हटलं तर बसला नाही.

"कृष्णात, ह्ये सगळं भाईर काढ आनि अंगनात रच," तो म्हणाला. "काडेपेटी मी आनलीया."

कृष्णात हातातली प्रत घेऊन पुढं आला. "मामा, आवं ती रीत न्हाई. खेळ हाय त्यो."

"खेळ? माझ्या मामानं मला दिल्याली इद्या, तिचा खेळ?"

"आप्पासाहेब, निदान वाचून तर बघा," क्षमा म्हणाली आणि तिनं एक प्रत पुढं केली. आप्पासोनं ती लांब धरली, जवळ धरली, आणि चष्मा विट्यालाच राहिल्याचं त्याच्या ध्यानात आलं. "वाचून दावा मंग," तो म्हणाला. "कुठवर फोडलंया ते कळू द्या. मंग जाळतो."

मधुनं कृष्णातकडं पाहिलं. मग पुस्तक मिटलं, मांडी घातली आणि पंचाच्या आवाजात सुरू केलं. "आप्पासाहेब, तुम्ही एका भुयाराच्या तोंडाशी उभे आहात."

"मी कुठं हुबा हाय? मी हितं दारात हाय."

"तेच दार. आत अंधार आहे. खाली, लांब कुठंतरी, तीनशे वर्षं सोन्यावर लोळलेला एक नाग मरून पडलाय. बरोबरचे दोघं सोनं भरून निघून गेलेत. तुम्ही एकटे. हातात झाडू."

आप्पासोनं एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला. "नाग केवढा व्हता?"

"बैलगाडीएवढा."

"कंच्या कुशीवर झोपायचा?"

मधु गांगरला. हे कुणी कधी विचारलं नव्हतं. "डाव्या," त्यानं ठोकून दिलं.

"मंग मधली जमीन ऱ्हाऊ द्या." आप्पासो आता खुर्चीवर टेकला. "डाव्या अंगाची भित झाडायची. कूस बदलताना पाठ घासती. आनि वारं कुठनं येतंया?"

"उत्तरेकडून."

"दक्षिनच्या कोपऱ्यात जा. हलकी धूळ तितं बसली आसंल. झाडू वाऱ्याच्या उलट मारू नका, वाऱ्यासंगट मारा. आनि नागाची कातडी सोलून घ्या की! खवल्यांच्या बेचक्यात काय कमी आसंल व्हय?"

लालासाहेब आ वासून ऐकत होते. "च्यायला," ते म्हणाले, "आमी कातडी सोडून आलो."

"म्हनून तुमी पलटनीत आनि आमी गलाईत." आप्पासोनं फेटा काढून मांडीवर ठेवला. फासा टाकायला दिला तर त्यानं आधी तो कानाशी हलवला, दातानं दाबला आणि "पितळ, त्येबी हलकं" असं सांगून मग टाकला. एकोणीस पडले. खोलीत नुसता जल्लोष झाला, आणि काडेपेटी आणणारा माणूस मिशीतल्या मिशीत हसू दाबत म्हणाला, "हां, फुडं?"

पुढं मधुनं खूण केली आणि कृष्णातनं पुस्तक हातात घेतलं. मामा खेळतोय! पान नऊ आलं होतं. त्यानं वाचलं, "धूळ जाळावी. राख पहिल्या पाण्यात धुवावी, मग दुसऱ्या पाण्यात. तिसरे पाणी द्यावे आणि ते टाकून द्यावे. उरलेला गाळ मुशीत घालावा."

"टाकून?" आप्पासो म्हणाला. खेळाच्या नादात तो पुढं झुकलेला होता. "आरं येड्या, तिसरं पानी टाकत्यात व्हय? निम्मं सोनं त्यात! कुनी सांगितलं तुला टाकायचं?"

कृष्णातनं मान वर केली. "तुमीच की मामा."

आप्पासोचं तोंड उघडंच राहिलं. मग हळूहळू मिटलं.

कृष्णात आठवत होता. मदुरैचं दुकान, मागची मोरी, तिसरं पाणी परातीत पडलं की दर वेळी मामाचा आवाज: कृष्णात, कोपऱ्यावरनं पानं आन जा. परत यावं तर परात रिकामी, धुवून पालथी. पाणी कुठं गेलं? टाकलं. आठ वर्षं. त्यानं एकदाही शंका घेतली नव्हती. त्याला राग आला, लय राग आला, आणि रागापेक्षा वाईट म्हणजे रडू येऊ लागलं. एवढ्या लोकांत.

"मामा, मी परका हाय व्हय?" तो म्हणाला.

"माझ्या मामानं मला बारा वर्सं सांगितलं न्हवतं," आप्पासो म्हणाला. पण ते सांगताना तो कुणाकडंच पाहत नव्हता.

क्षमाला राहवलं नाही. तिनं एक प्रत उचलली, पहिलं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं, "ज्यांनी मला धुळीतले सोने दाखवले, त्या आप्पासोमामांस." मग ती म्हणाली, "स्टेन्सिल मी टाइप केलीय, आप्पासाहेब. हे वाक्य त्यांनी चार वेळा बदललं. आधी फार लांब होतं."

आप्पासोनं ती प्रत मागून घेतली. चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं तरी त्या पानाकडं बघत बसला. मग म्हणाला, "दोनशे हायत म्हंता?"

"व्हय."

"आनि समद्यांत माझं नाव. आनि समद्यांत तिसरं पानी टाकलंया."

"व्हय मामा."

"म्हंजे गुवाहाटीपस्तोर सांगून टाकलंस, का आप्पासोच्या दुकानात निम्मं सोनं मोरीत जातं."

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. लालासाहेबांनी आधी खोकला काढून बघितला, मग त्यांना हसू आवरेना, मग मधुला आवरेना, आणि आश्चर्य म्हणजे आप्पासोचेही खांदे हलू लागले. पेचच तसा होता. तसंच छापून जाऊ द्यावं तर अब्रू जाते. खरं छापावं तर विद्या जाते. जाळावं तर दहा प्रती विट्यात फिरतच होत्या.

कृष्णात हसला नाही. तो प्रतींच्या थप्पीपुढं जाऊन उभा राहिला. "जाळू देनार न्हाई," तो म्हणाला. "पान नऊवर काय लिवायचं ते तुमी सांगा. तुमी सांगाल ते लिवतो. पर जाळू देनार न्हाई."

मामासमोर तो असं पहिल्यांदाच बोलला होता. आप्पासोनं त्याच्याकडं नीट पाहिलं, म्हणजे माल पारखताना पाहायचा तसं. मग क्षमाकडं वळला. "बाई, चिठ्ठी छापता यील का? पानावर चिकटवायला?"

"शुद्धिपत्र? येईल की. स्टेन्सिल आहे शिल्लक."

"मंग घ्या. तिसरे पाणी टाकू नये."

क्षमानं लिहून घेतलं. "पुढं?"

आप्पासोनं मांडीवरचा फेटा उचलून डोक्यावर ठेवला. "पुढचे आपल्या मामास विचारावे."

"पण आप्पासाहेब, खेळात याला काहीतरी नियम हवा," मधु म्हणाला. "मामा सांगतो की नाही, ते कसं ठरवायचं?"

"ते मला इचारू नका," आप्पासो म्हणाला. "मला ठावं आसतं तर हितवर आलो आसतो व्हय?"

मग तो उठला, मोरीतली बादली आणि स्वयंपाकघरातली परात मागून घेतली, चुलीतली दोन मुठी राख त्यात टाकली आणि कृष्णातला म्हणाला, "चल मागच्या गॅलरीत." दार आतून लावून घेतलं. अर्धा तास दोघं तिथं होती. पाण्याचा आवाज येत होता, मधूनच आप्पासोचा "आसं न्हाई, आसं" ऐकू येत होतं. तिसऱ्या पाण्याचं पुढं काय करतात ते मला ठाऊक नाही, आणि असतं तरी इथं सांगितलं नसतं. दार उघडलं तेव्हा कृष्णात कोपरापर्यंत ओला होता आणि त्याचे डोळे लाल होते, आणि तो जन्मात कधी हसला नसेल असा हसत होता. मग सगळ्यांनी मिळून संध्याकाळपर्यंत दोनशे चिठ्ठ्या खळीनं चिकटवल्या. आप्पासोनं साठ चिकटवल्या, त्यातल्या निम्म्या वाकड्या.

जत्रेत पुरवण्या हातोहात गेल्या. वाटायला आप्पासो स्वतः उभा होता. कुस्त्यांच्या फडाबाहेर, फेटा बांधून, जो गलाईवाला दिसेल त्याला धरायचा. "घे. वाच. कळलं न्हाई तर भाच्याला पत्र टाक. मदुरैचा पत्ता मागं हाय." नानासोलाही त्यानं एक दिली, आणि पान नऊ उघडूनच दिली. शनिवारच्या गाड्यांनी पुरवण्या निघाल्या त्या पार अमृतसरपासून कोचीनपर्यंत.

वैशाखात मदुरैच्या पत्त्यावर कार्डं येऊ लागली. कृष्णात माळ्यावर बसून ती वाचायचा आणि खाली मामाला ओरडून सांगायचा. रायपूरहून एकानं विचारलं होतं की वजनमापाच्या साहेबाला चहाऐवजी कॉफी चालेल का. नागपूरच्या दोघांनी आपलं भुयार काढून धाडलं होतं, त्यात रेल्वे सुरूही झाली होती. पाच-सहा जणांनी तेच लिहिलं होतं, शब्द फक्त वेगवेगळे: पान नऊ वाचून मामाला विचारले, मामा दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी परात घेऊन बसवले. ही कार्डं आप्पासो दोन-दोनदा वाचायला लावायचा. "बघ," तो म्हणायचा, "समदी मामं सारखीच."

एक दिवस गुवाहाटीचं कार्ड आलं. अक्षर मोठं, थरथरतं. धोंडीराम नावाच्या माणसाचं. कृष्णातनं वाचायला सुरुवात केली.

"स. न. वि. वि. आपली पुरवणी मिळाली. माझे वय एकसष्ट. चव्वेचाळीस वर्षे हा धंदा केला. पान नऊवरची चिठ्ठी वाचली. मी आजवर तिसरे पाणी टाकतच आलो. माझा मामा मी कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी पटकीने गेला, त्याला सांगायला वेळ मिळाला नाही, का सांगायचे नव्हते, देव जाणे. मी आता कुणाला विचारावे? खेळही कळला नाही, तरी फासे कुठे मिळतात ते कळवावे."

कृष्णातनं कार्ड खाली केलं. आप्पासो मुशीपुढं उकिडवा बसला होता, भाता थांबलेला.

"चव्वेचाळीस वर्सं," तो म्हणाला. "आरं देवा. किती पानी टाकलं आसंल बिचाऱ्यानं."

"काय लिवू मामा?"

आप्पासोनं हात पुसले.

"मी किती वर्साचा रं?"

"छप्पन."

"आनि त्यो एकसष्ट." आप्पासोला हसू फुटलं, पण डोळे पाण्यानं भरले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत. "लिव त्याला. म्हनावं, गुवाहाटीच्या भाच्यास, मदुरैच्या मामाचा आशीर्वाद. पत्रात सांगता येत न्हाई, ये म्हनावं. गाडीत बस आनि ये. ऱ्हायाची सोय हाय."

कृष्णातनं कोरं कार्ड काढलं आणि लिहायला बसला. आप्पासो त्याच्या खांद्यावरून वाकून, चष्मा पुसून, अक्षर न अक्षर बघत होता.